दिसणारे गोंदण आणि उपजीविका

सैन्यभरतीच्या मैदानावर पहाटे धावण्याची परीक्षा होते. त्यानंतर उंची, वजन व छाती यांची मापे घेतली जातात आणि पुढे यथावकाश उमेदवार वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे उभा राहतो. दृष्टी, श्रवण, दात, सांधे, पावले यांच्या तपासणीबरोबरच तेथे आणखी एका गोष्टीची नोंद केली जाते. उमेदवाराच्या अंगावर गोंदण आहे काय, असल्यास ते नेमके कोठे आहे आणि त्यात काय दाखविले आहे, हे पाहिले जाते. दोन-तीन वर्षे नेटाने सराव केलेला एखादा तरुण या टप्प्यावर अडतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी जत्रेत मित्रांच्या आग्रहावरून दंडावर काढून घेतलेले एक चित्र त्याच्या आणि नोकरीच्या आड येते. त्याच तरुणाच्या आजीच्या कपाळावर व हातांवरही बहुधा गोंदण असते. तिच्या उपजीविकेच्या आड ते कधीच आले नाही; उलट ते नसते, तर चारचौघींत तिलाच कमीपणा वाटला असता.

एकाच घरातील दोन पिढ्यांच्या अंगावरील खुणांना असे भिन्न मोल का यावे, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. गोंदण अंगावर कायम राहते. ते पाहणारे मात्र बदलत जातात. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे दिसणारे गोंदण कामधंद्याच्या आड केव्हा येते, केव्हा येत नाही आणि ते करून घ्यावयाचे झाल्यास कोणत्या वयात व कोठे करून घ्यावे, या प्रश्नांची उत्तरे शोधणे सोपे जाते.

खूण टिकते कशी?

माणसाच्या त्वचेचा बाह्य थर सतत झडत असतो आणि त्याच्या जागी नवा येत असतो. मेंदीचा रंग या वरच्या थरातच राहत असल्यामुळे तो काही दिवसांत फिका होऊन जातो. गोंदणाची सुई हा थर भेदून खालच्या अंतस्त्वचेपर्यंत रंग पोहोचविते. शरीर या रंगकणांना परके मानते आणि भक्षकपेशी त्यांना गिळून टाकतात. परंतु कण मोठे असल्यामुळे त्यांचा निचरा पूर्णपणे होत नाही. ते त्या पेशींतच अडकून पडतात. कालांतराने त्या पेशी मरतात तेव्हा मोकळे झालेले कण नव्या पेशी पुन्हा गिळतात, असे फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. म्हणजे गोंदण टिकते ते शरीराने त्याला स्वीकारले म्हणून नव्हे. शरीराला ते बाहेर टाकता येत नाही, हे त्याचे कारण होय.

पूर्वी हे काम हाताने, एकत्र बांधलेल्या सुयांनी चालत असे. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली याने १८९१ मध्ये विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे एकस्व मिळविले आणि ही कला झपाट्याने व्यवसाय बनली. भारतातही पुढे जत्रांतून व बाजारांतून अशी यंत्रे दिसू लागली. ज्या कामाला पूर्वी दिवस लागत, ते काही मिनिटांत होऊ लागले. वेदना कमी झाली, खर्च आवाक्यात आला आणि त्याबरोबरच विचार करण्यास मिळणारा अवधीही कमी झाला.

जुन्या गोंदणाचे वय आणि जागा

हिंदी प्रदेशात गोदना, संथाळांत खोदा, कच्छच्या रबारी समाजात त्राजवा, तमिळ भाषेत पच्चै, मराठीत गोंदण, अशी या प्रथेची नावे आहेत. प्रदेशागणिक आकृती बदलत असल्या, तरी एक गोष्ट सर्वत्र समान आढळते. गोंदण केव्हा करावयाचे व कोठे करावयाचे, हे एकट्या व्यक्तीने ठरवावयाचे नसे. ते समाजाने आधीच ठरवून दिलेले असे.

मध्य प्रदेशातील मंडला, दिंडोरी व बालाघाट या भागांत राहणाऱ्या बैगा जमातीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे या जमातीचे जीवन अभ्यासकांपुढे आले. बैगा मुलीच्या कपाळावर लहानपणी पहिले गोंदण केले जाते. पुढे वयाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर पाठ, हात, पाय यांवरील गोंदणाची भर पडते. हे काम बादी समाजाच्या स्त्रिया करतात आणि आकृतींचे ज्ञान आईकडून मुलीकडे जाते. जखम चिघळू नये म्हणून पावसाळा टाळून थंडीच्या दिवसांत हे काम हाती घेण्याची रीत आहे. वय, अवयव आणि ऋतू या तिन्ही गोष्टी अशा रीतीने नेमून दिलेल्या असल्यामुळे ‘केव्हा गोंदावे?’ हा प्रश्न बैगा मुलीपुढे कधी उभाच राहिला नाही.

महाराष्ट्रातही कपाळावरील ठिपका, हातावरील तुळशीवृंदावन किंवा एखादे नाव या खुणा जुन्या पिढीतील स्त्रियांच्या अंगावर सर्रास दिसत. दागिने मागे राहतात, गोंदण तेवढे देहाबरोबर जाते, ही समजूत देशाच्या अनेक भागांत सारखीच आहे. कष्ट करून जगणाऱ्या स्त्रीला सोने परवडत नसे; हा दागिना मात्र तिला मिळू शकत असे आणि तो कोणी हिरावूनही घेऊ शकत नसे.

या स्त्रिया शेतावर, जंगलात, बाजारात काम करीत. त्यांच्या कामाच्या जागी त्यांना पाहणारे लोक त्यांच्याच समाजातले किंवा शेजारपाजारचे असत. त्यांना ती खूण वाचता येत असे. उपजीविका आणि गोंदण यांच्यात तेथे विरोध नव्हता, याचे खरे कारण हेच आहे.

लादलेली अक्षरे

खूण वाचणारा बदलला म्हणजे काय होते, याचे एक कठोर उदाहरण ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात सापडते. बंगाल इलाख्यात १७९७ च्या विनियमानुसार जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांच्या गुन्ह्याची नोंद गोंदली जाऊ लागली. कैदी पळाला, तरी त्याला कोणीही ओळखावे, हा त्यामागील हेतू होता. जी कला अनेकांच्या दृष्टीने अलंकार होती, तिचाच उपयोग येथे शिक्षेसाठी करण्यात आला. अशा माणसाला कोणी कामावर ठेवणे शक्य नव्हते. दिसणाऱ्या खुणेमुळे माणूस उपजीविकेला मुकतो, हे राज्यकर्त्यांना तेव्हाच पुरते कळले होते, असे म्हणावयास हरकत नाही. ही पद्धत १८४९ मध्ये कायद्याने बंद करण्यात आली.

कायद्याने बंद झालेली ही क्रूरता स्वतंत्र भारतातही एकदा डोके वर काढून गेली. पंजाबातील अमृतसर येथे १९९३ च्या डिसेंबरात पोलिसांनी काही स्त्रियांच्या कपाळावर ‘जेबकतरी’, म्हणजे खिसेकापू, असे गोंदविले. न्यायालयात नेताना त्यांची कपाळे झाकलेली होती; तरीही प्रकार उघडकीस आला. या प्रकरणी पोलिसांना शिक्षा होण्यास २०१६ हे साल उजाडावे लागले. आरोप सिद्ध होवो अथवा न होवो, कपाळावरचा तो शब्द रोज शिक्षा करीत होता. चेहऱ्यावरील खुणेला एवढे सामर्थ्य असते. ती झाकता येत नाही आणि पाहणाऱ्याला स्पष्टीकरण देण्याची संधीही बहुधा मिळत नाही.

गावाबाहेर पडल्यावर

अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात राहणाऱ्या आपातानी जमातीच्या स्त्रियांच्या कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एक निळसर रेषा आणि हनुवटीवर उभ्या रेषा असत. पुरुषांच्या हनुवटीवरही खूण असे. खोऱ्यात ही आपातानींची ओळख होती. स्वातंत्र्यानंतर शाळा आल्या, रस्ते झाले आणि तरुण मंडळी शिक्षणासाठी व नोकरीसाठी मैदानी शहरांत जाऊ लागली. तेथे त्यांच्या चेहऱ्यांकडे लोक रोखून पाहत. अखेर १९७० च्या दशकात जमातीतील तरुणांनीच पुढाकार घेऊन ही प्रथा थांबविली. आज ही रेषा केवळ वृद्ध चेहऱ्यांवर उरली आहे.

छत्तीसगढमधील रामनामी पंथाची कथा याहून निराळी असली, तरी तिचा शेवट बराचसा असाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परशुराम या सत्पुरुषाच्या प्रेरणेने, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात हा पंथ उदयास आला. देवळात ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांनी रामाचे नाव आपल्या अंगावरच लिहून घेतले. काहींनी कपाळावर, तर काहींनी नखशिखान्त ते गोंदवून घेतले. ही भक्ती होती, तसाच तो निमूट विरोधही होता. परंतु या पंथातील अलीकडील तरुण सर्वांगावर नाव गोंदवून घेण्यास धजावत नाहीत. कामासाठी त्यांना दूरच्या शहरांत जावे लागते आणि अंगावरील नावावरून तेथे जात ओळखली जाण्याची भीती असते. छातीवर किंवा हातावर एखादेच ‘राम’ गोंदवून ते परंपरा राखतात.

या दोन्ही उदाहरणांत लोकांनी आपली श्रद्धा टाकली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या खुणेचा अर्थ ज्यांना कळत नाही, अशा लोकांच्या हाती आपली उपजीविका गेली आहे, हे त्यांनी ओळखले. येथे दोष खुणेचा कितपत आणि पाहणाऱ्याच्या अज्ञानाचा कितपत, याचा विचार समाजाने करावयास हवा.

गणवेशाचे नियम

आजच्या भारतात गोंदणासंबंधीचे सर्वांत स्पष्ट नियम सैन्य व सशस्त्र पोलीस दले यांचे आहेत. सैन्याच्या भरतीत हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतचा आतील भाग आणि तळहाताची मागील बाजू एवढ्याच जागी कायमचे गोंदण चालते. शरीराच्या अन्य भागांवरील गोंदण उमेदवाराला अपात्र ठरवू शकते. जे चेहऱ्यावर किंवा अंगावर रूढीनुसार गोंदण करतात, अशा आदिवासी जमातींच्या उमेदवारांना मात्र सवलत आहे. तिचा निर्णय प्रत्येक उमेदवाराच्या बाबतीत स्वतंत्रपणे होतो.

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या नियमांत आशय, जागा आणि आकार असे तीन निकष आहेत. धार्मिक चिन्ह वा आकृती आणि नाव यांस परवानगी आहे. देशवासीयांच्या धर्मभावनांचा आदर राखावा, हे कारण त्यासाठी दिलेले आहे. जागेच्या बाबतीत डाव्या हाताचा आतील भाग किंवा हाताची मागील बाजू चालते. डावाच हात का, याचे उत्तर कवायतीत आहे. सलामी उजव्या हाताने दिली जाते. गोंदणाचा आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी असावा लागतो.

हे नियम वरकरणी यांत्रिक वाटले, तरी त्यांत एक समन्वय दडलेला आहे. गणवेश व्यक्तीचे वेगळेपण झाकू पाहतो. उलट गोंदण ते उघड करते. ज्या देशात लक्षावधी लोकांच्या हातावर देवाचे किंवा आप्तांचे नाव गोंदलेले आहे, त्या देशाला सरसकट बंदी घालणे परवडणारे नव्हते. म्हणून रूढीला जागा दिली आणि हौसेला मर्यादा घातली.

या मर्यादेवरून अनेक वाद न्यायालयांपर्यंत गेले आहेत. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने उजव्या हातावरील धार्मिक चिन्हाच्या गोंदणामुळे एका उमेदवाराला अपात्र ठरविले होते. ते गोंदण त्याने बहुतांशी पुसूनही घेतले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला. याउलट वायुसेनेने हाताच्या बाहेरील भागावरील गोंदणामुळे एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली, तेव्हा २०१८ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने वायुसेनेचा निर्णय उचलून धरला. नियमातील कोणत्याही सवलतीत ते गोंदण बसत नव्हते. त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये उजव्या हातावर गोंदण असलेल्या एका उमेदवाराला ते काढून टाकण्यासाठी दोन आठवड्यांची मुदत दिली आणि त्यानंतर वैद्यकीय मंडळापुढे पुन्हा जाण्याची मुभा दिली. नियमाला बगल मिळत नाही, परंतु नियमाच्या आत राहू इच्छिणाऱ्याला संधी मिळू शकते, एवढा बोध या निर्णयांतून घेता येतो. त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, हेही विसरून चालणार नाही. ती चढण्याचे बळ प्रत्येकाकडे नसते.

अन्य व्यवसाय

गोंदण असल्यास कोणतीच सरकारी नोकरी मिळत नाही, हा समज सर्वत्र पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. मुलकी सेवांसाठी अशी सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. कचेरीत, शाळेत किंवा बँकेत काम करणाऱ्यांच्या हातावरील जुन्या पद्धतीचे गोंदण कोणाला खटकतही नाही. निर्बंध मुख्यतः गणवेशधारी सेवांत आहेत.

खाजगी व्यवसायांत लेखी नियमापेक्षा मालकाची व ग्राहकाची दृष्टी प्रभावी ठरते. विमानातील सेवकवर्गाच्या भरतीत गणवेश घातल्यावर दिसेल असे गोंदण नसावे, अशी अट सामान्यतः असते. मोठ्या उपाहारगृहांच्या स्वागतकक्षात आणि विक्रीच्या कामातही हाच कल दिसतो. याउलट कारखाने, शेती, बांधकाम, वाहनदुरुस्ती, संगणकाची कामे, चित्रपट व संगीत या क्षेत्रांत गोंदणाला फारसे महत्त्व दिले जात नाही. थोडक्यात, अनोळखी ग्राहकाशी समोरासमोर जितका संबंध अधिक, तितकी दिसणाऱ्या खुणेविषयीची सावधगिरी अधिक, असा ढोबळ नियम मांडता येईल.

यातही एक विसंगती आहे. शहरातील सुशिक्षित तरुणाच्या मनगटावरील नवे चित्र आधुनिकपणाचे लक्षण मानले जाते; खेड्यातून आलेल्या स्त्रीच्या हनुवटीवरील तीन ठिपके मात्र मागासलेपणाचे समजले जातात. दोन्हींत रंग त्वचेच्या एकाच थरात असतो. फरक करणारी दृष्टी समाजाची असते, आणि ती बदलता येते.

पुसण्याचा मार्ग

गोंदण आता लेसर किरणांनी काढता येते, या भरवशावर अनेकजण निर्धास्त असतात. लेसरच्या अत्यल्पकालीन स्पंदनांनी रंगकणांचे बारीक तुकडे होतात आणि शरीर त्यांचा हळूहळू निचरा करते. परंतु हे काम एका बैठकीत होत नाही. अनेक बैठका लागतात आणि दोन बैठकांमध्ये साधारणतः सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो; हिरवा व पिवळा हे रंग चिवट असतात. सावळ्या त्वचेवर फिकट वा काळसर डाग राहण्याचा संभव असल्यामुळे भारतीयांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते. आम्लाने किंवा तापलेल्या धातूने गोंदण जाळण्याचे अघोरी उपाय करणाऱ्यांच्या अंगावर कायमचे व्रण उरतात, आणि वैद्यकीय तपासणीत असा व्रणही प्रश्न निर्माण करू शकतो. काही मिनिटांत झालेली गोष्ट पुसण्यास वर्षही पुरत नाही, हा हिशेब आधीच करावयास हवा.

केव्हा व कोठे?

अग्निपथ योजनेखाली सैन्यात प्रवेश घेण्याची वयोमर्यादा २०२२ मध्ये साडेसतरा ते एकवीस वर्षे अशी ठरविण्यात आली. गोंदणाची हौस अनिवार होण्याचे वयही नेमके हेच आहे. जुन्या समाजात गोंदणाचे वय आणि उपजीविकेचा मार्ग हे दोन्ही ठरलेले असत; आज उपजीविका ठरण्यापूर्वीच गोंदण होऊन जाते. अडचणीचे मूळ येथे आहे. म्हणून पहिला विवेक असा की, आपल्या कामाची दिशा निश्चित होईपर्यंत दिसणाऱ्या जागी गोंदण करू नये. ज्याला सैन्यात, पोलिसात किंवा विमानसेवेत जावयाचे आहे, त्याने त्या वर्षीच्या भरतीच्या जाहिरातीतील नियम आधी वाचावेत. नियम वेळोवेळी बदलतात. ऐकीव माहितीवर विसंबून राहू नये.

दुसरा विवेक जागेविषयीचा आहे. सदऱ्याच्या बाहीखाली किंवा पदराखाली झाकले जाणारे गोंदण बहुतेक मुलकी नोकऱ्यांत निरुपद्रवी ठरते. परंतु सैन्याच्या दृष्टीने दंडावरील वा पाठीवरील झाकलेले गोंदणही नियमबाह्य होऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. चेहरा आणि मान या जागांचा निर्णय सर्वांत शेवटी, आयुष्य स्थिरावल्यानंतरच घ्यावा.

तिसरा विवेक आरोग्याचा. एकच सुई अनेकांसाठी वापरल्यास कावीळ ब व क तसेच एच.आय.व्ही. यांचा संसर्ग होऊ शकतो. नवी सुई, स्वच्छ रंग आणि हातमोजे यांचा आग्रह धरण्यात संकोच बाळगू नये. वरची जखम भरण्यास दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्या काळात मुलाखत, वैद्यकीय तपासणी किंवा उन्हातील कष्टाचे काम येणार नाही, असे पाहावे. गोंदणानंतर ठराविक काळ रक्तदानही करता येत नाही.

ज्यांच्या अंगावर गोंदण आधीच आहे, त्यांनी ते अर्ज करताना लपवू नये. जेथे छायाचित्र मागितले असेल, तेथे ते द्यावे. रूढीनुसार गोंदण झालेल्या आदिवासी उमेदवारांनी आपल्या जमातीची प्रमाणपत्रे जवळ ठेवावीत आणि नियमाने दिलेली सवलत निःसंकोचपणे मागावी. ती कृपा नव्हे, हक्क आहे.

नोकरी देणाऱ्यांनीही एक विचार करणे अगत्याचे आहे. कामाच्या खऱ्याखुऱ्या गरजेतून आलेला नियम वेगळा आणि केवळ सवयीतून आलेली नापसंती वेगळी. आपल्याच गावातील वृद्ध स्त्रीच्या कपाळावरील हिरवा ठिपका ज्याला अपरिचित वाटत नाही, त्याला अर्जदाराच्या हातावरील खूण पाहून त्याच्या योग्यतेविषयी शंका यावी, याला आधार नाही. तरुणांनी घाई करू नये आणि वडीलधाऱ्यांनी केवळ खुणेवरून माणसाची पारख करू नये. या दोन्ही गोष्टी घडल्या, तर भरतीच्या मैदानावरून एका जुन्या चित्रापायी परत फिरणाऱ्या तरुणांची संख्या नक्कीच कमी होईल.